लोकल फंडापासून ग्रामसभेपर्यंत : आपल्या मराठी शाळांच्या इमारतींचा इतिहास

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या नावांनी, देणगीदारांच्या यादीने आणि कोनशिलेच्या तारखेने सुरू होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेला असा एक संस्थापक नाही. चिंचणी, तारापूर, वरोर, वाणगाव, बोईसर या टापूतल्या प्राथमिक शाळा ज्या संस्थेने चालवल्या, ती संस्थाच एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जात राहिली. आधी लोकल फंड, मग लोकल बोर्ड, मग स्कूल बोर्ड आणि शेवटी जिल्हा परिषद. दारावरची पाटी प्रत्येक वेळी बदलली. पैसा कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर मात्र दीडशे वर्षांत फारसे बदललेले नाही. शेतसारा भरणाऱ्याचा, घरपट्टी भरणाऱ्याचा, आणि तो पुरेना तेव्हा वर्गणी देणाऱ्याचा. म्हणून हा इतिहास मी इमारतींच्या बाजूने लिहितो आहे. भिंती कुणी उभ्या केल्या, छपर कुणी राखले, आणि आज एखादी खोली रिकामी पडली तर तिचे काय करायचे हे कुणी ठरवायचे, एवढाच त्याचा विषय आहे.

सार्वजनिक वास्तूच्या दुरुस्तीसाठी गावाच्या उत्पन्नातून पैसा बाजूला काढून ठेवण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे कुणाला वाटत असेल, तर त्याने आपल्याच गावाच्या नावाने ओळखले जाणारे ताम्रपट आठवावेत. चिंचणीच्या जमिनीतून निघालेले हे ताम्रपट दिनेशचंद्र सरकार यांनी वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध पट शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संयान, म्हणजे आजचे संजाण, आणि भोवतालचा मुलूख मधुमती सुगतिप नावाच्या अरब अधिकाऱ्याच्या ताब्यात होता. त्याने नद्यांवर फुकट तर सुरू केली आणि अन्नछत्र घातले, अशी नोंद त्या पटात आहे. दशमी देवीच्या मठिकेला एक गाव आणि काही जमीन लावून दिल्याचीही नोंद आहे. मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि तिथल्या माणसांचे भोजन यांसाठी ते उत्पन्न होते. राज्यकर्ता मुसलमान, मठ हिंदूंचा आणि खर्च गावाच्या उत्पन्नातून. वास्तू एकदा बांधून भागत नाही, तिच्या डागडुजीची कायमची तजवीज करावी लागते, हे शहाणपण त्या पत्र्यावर अकराशे वर्षांपूर्वी कोरलेले आहे. पुढे शाळांच्या बाबतीत आपण नेमके तेच विसरलो.

मुंबई इलाख्यात खेड्यापाड्यांत शाळा पोचली ती लोकल फंडामुळे. १८६३ पासून जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी घेतली जाऊ लागली. त्यातले दोन हिस्से रस्त्यांसारख्या स्थानिक कामांना आणि एक हिस्सा शाळांना. १८६९ च्या कायद्याने तिला कायद्याचा आधार मिळाला. एक आणा ऐकायला थोडा वाटतो. सोळा आण्यांच्या रुपयावर तो सव्वासहा टक्के होतो, आणि त्याचा तिसरा हिस्सा दोन टक्क्यांवर जातो. आज सरकार आपल्याकडून शिक्षण कर घेते, त्याचे मूळ तिथे आहे. त्या पैशातून मास्तरांचा पगार निघे. घराचा प्रश्न गावाने सोडवायचा, अशी सर्वसाधारण वहिवाट होती. गावाने जागा द्यावी, लाकूडफाटा द्यावा, मजुरी द्यावी, मग सरकार हात लावणार.

हा आणा खरोखर कुणाच्या घामाचा होता, याचा विचार आपल्या तालुक्यात तरी केलाच पाहिजे. डहाणू आणि उंबरगावच्या भागात जमिनीचा मोठा वाटा सावकार-जमीनदारांच्या नावावर होता. सारा त्यांनी भरला अशी नोंद होई, पण पीक काढणारा वारली कूळ होता आणि तो निम्मे पीक मालकाच्या खळ्यावर ओतत होता. त्याच्या मुलाला शाळेत जागा सर्वांच्या शेवटी मिळाली. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच दुखणे मांडले होते. रयतेकडून गोळा झालेला पैसा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा, उच्चवर्णीयांच्या वरच्या शिक्षणाकडे तो वळू नये, असे त्यांनी आयोगाला सांगितले. आमच्या भागात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा फुल्यांच्या त्या निवेदनाला ६३ वर्षे होऊन गेली होती आणि जंगलपट्टीतल्या बहुतेक पाड्यांना शाळा ठाऊक नव्हती. किनाऱ्यावरच्या गावांना शाळेची इमारत लवकर मिळाली याचा अभिमान बाळगताना ही गोष्ट शेजारी ठेवावी लागते.

१८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकांनी निवडलेल्या मंडळांच्या हाती जास्त सोपवला, १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे नव्या स्वरूपात उभी राहिली. या तिन्ही कायद्यांची कलमे येथे देत बसत नाही. इमारतीच्या दृष्टीने एवढे सांगितले म्हणजे पुरे, की त्या काळातली शाळा जिथे जागा मिळेल तिथे भरे. देवळाचा सभामंडप, धर्मशाळा, चावडी, कुणाची तरी लांबरुंद पडवी. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने गावोगावी काढलेल्या व्हॉलंटरी शाळा अशाच देवळांत आणि चावड्यांत भरल्या. जुन्या वास्तूचा नवा उपयोग करणे आज आपल्याला नवी कल्पना वाटते, पण महाराष्ट्रातली प्राथमिक शाळा जन्मालाच दुसऱ्याच्या वास्तूत आली आहे. चावडीची शाळा झाली तेव्हा गावाने बसून ठरवले. शाळेच्या खोलीचे आणखी काही करायचे असेल, तर तेही गावाने बसूनच ठरवले पाहिजे.

बोर्डाने स्वतःची इमारत बांधली की तिचा एक साचा असे. दगडी जोते, विटा-चुन्याच्या जाड भिंती, पुढे लांब पडवी, लाकडी गजांच्या उंच खिडक्या, सागाचे वासे आणि वर मंगलोरी कौले. आपल्या किनाऱ्याला हा साचा फार मानवला. खाऱ्या वाऱ्याला चुना दाद देत नाही, उतरते छपर आषाढाचा पाऊस अंगावर घेत नाही, आणि उंच आढ्यामुळे चैत्रातल्या दुपारीही वर्गात बसवते. या इमारतींची एकच मागणी असे, दरवर्षी शाकारणी. ती कशी होई हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. वैशाखात शाळेला सुट्टी लागली की शिडी लागे. वळचणीपासून एकेक ओळ करून कौले खाली उतरवली जात. तडकलेले कौल बोटाच्या टिचकीला बद्द वाजते, चांगले कौल खणखणीत वाजते. पोरेसुद्धा कानाने निवड करीत. कौले उतरली की रिपा उघड्या पडत. त्यांत कुठे वाळवीची मातीची नळी चढलेली दिसली, की ती रीप काढून नवी ठोकायची, वाशाचे भिंतीत गेलेले टोक टोचून पाहायचे, ते भुसभुशीत लागले तर सुतार बोलवायचा. मग झाडून-पुसून कौले पुन्हा खाचेत खाच बसवत वर चढवायची, आढ्यावर कोनाची कौले चुन्यात बसवायची. मृगाच्या आत हे व्हायला हवे. या कामाला मजूर कमी आणि गाव जास्त असे. वाडवळ, मांगेले, भंडारी, वारली, ज्याच्या घरात शाळेत जाणारे मूल होते त्याच्या घरातला एक माणूस दिवसभर येई. ही देणगी कोणत्याच पावतीपुस्तकात चढली नाही.

इमारतीच्या या इतिहासात कोसबाडची टेकडी घेतली नाही तर तो अपुरा राहील. ताराबाई मोडक १९४५ च्या डिसेंबरात बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. नूतन बाल शिक्षण संघाच्या मागे १९२६ पासूनचा माँटेसरी पद्धतीचा अभ्यास होता, पण शहरातली चकचकीत साधने आणि खास बांधलेली बालमंदिरे खेड्याला परवडणारी नव्हती. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. साधने म्हणून शंख-शिंपले, चिंचोके, पाने, खडे. पुढे हे काम कोसबाडला गेले आणि तिथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच जागी आणणारी विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तर कुरणातच शाळा भरवली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. १९७५ पासून देशात सुरू झालेल्या अंगणवाड्यांच्या मागे आपल्याच तालुक्यातल्या अंगणांत झालेले हे काम आहे. कोसबाडने आम्हाला शिकवले ते असे, की आधी मूल कुठे आहे ते पाहावे आणि मग इमारतीचा विचार करावा. आज रिकाम्या खोल्यांचा प्रश्न पुढे आला असता हाच क्रम उपयोगी पडतो.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. त्याच वर्षी राज्याचा शिक्षण कराचा कायदा झाला. आपण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतो. माध्यमिक आणि महाविद्यालयीन शिक्षणाची वाट आपल्या गावात खासगी संस्थेने घातली. चिंचणी-तारापूर एज्युकेशन सोसायटीचे के. डी. हायस्कूल आणि पी. एल. श्रॉफ महाविद्यालय यांचा इतिहास स्वतंत्र लिहिण्यासारखा आहे. तिथे पोचणारी मुले चौथी किंवा सातवीपर्यंत मराठी शाळेतच घडलेली असत, एवढे मात्र इथे नोंदवतो. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र वीज देऊ लागले, मागोमाग औद्योगिक वसाहत वाढली, बोईसरला देशभरातून कामगार आले. पट वाढला, खोल्या अपुऱ्या पडल्या. मग वाढीव खोल्या बांधायला सुरुवात झाली आणि त्या कौलारू राहिल्या नाहीत. स्लॅब आला.

स्लॅबबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आज धोकादायक ठरलेल्या वर्गखोल्यांत या खोल्या फार आहेत. दगड-चुन्याची जुनी इमारत त्याच आवारात अजून उभी आणि तिच्या निम्म्या वयाच्या सिमेंटच्या खोलीला टेकू, असे दृश्य किनारपट्टीवर दिसते. कारण साधे आहे. समुद्रावरून येणाऱ्या हवेतले मीठ काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत शिरते आणि सळईपर्यंत पोचते. सळई गंजली की फुगते, लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. मग स्लॅबच्या पोटाचे पोपडे सुटू लागतात. आधी छताला तपकिरी डाग दिसतो, मग सळईच्या रेषेत चीर पडते, एके दिवशी पोपडा बाकावर येऊन पडतो. सळईवर काँक्रीटचा थर जाड ठेवला, वाळू खाडीची न वापरता गोडी वापरली, पाणी गोडे घातले आणि स्लॅबला पुरेसे दिवस पाणी मारले, तर हीच खोली कितीतरी जास्त टिकते. हे इंजिनिअरच्या पुस्तकात आहे आणि गावातल्या जुन्या गवंड्यालाही ठाऊक आहे. गावाने कामावर नजर ठेवली का, यावर खोलीचे आयुष्य ठरते.

ती नजर ठेवण्याची संधी गावाला खऱ्या अर्थाने सर्व शिक्षा अभियानात मिळाली. त्याआधी १९८७ च्या सुमारास खडू-फळा मोहीम आली होती. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यांतली एक शक्यतो शिक्षिका, असे तिचे मोजमाप होते. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानात बांधकामाचा पैसा ग्राम शिक्षण समितीच्या खात्यात येऊ लागला आणि ठेकेदाराला काम द्यायचे नाही असा नियम होता. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या सहीने पैसा निघे. शिक्षकांवर त्याचा भार पडला, हे मान्य करायला हवे. ज्या गुरुजींनी आयुष्यभर पाढे शिकवले त्यांना सिमेंटच्या गोण्या मोजाव्या लागल्या, रेतीच्या ट्रकची वाट पाहत सुट्टीच्या दिवशी आवारात बसावे लागले. तरी त्या काळात बांधलेल्या ज्या खोल्यांवर समितीने खरोखर लक्ष ठेवले, त्या आजही चांगल्या आहेत. दुरुस्तीसाठी मात्र तीन खोल्यांपर्यंतच्या शाळेला वर्षाला ५,००० रुपये आणि त्याहून मोठ्या शाळेला १०,००० रुपये मिळत. आजच्या समग्र शिक्षा योजनेत पटाप्रमाणे एकत्रित अनुदान येते, आणि त्यातच वीजबिल, खडू, स्वच्छता आणि डागडुजी बसवायची असते. नवी खोली बांधायला निधी मिळतो, जुनी सांभाळायला पुरेसा मिळत नाही. संयानच्या मठिकेसारखी तजवीज शाळांच्या बाबतीत आपण विसरलो, असे मी वर म्हटले ते यासाठी.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड असे आठ तालुके त्यात आले आणि शाळा नव्या जिल्हा परिषदेकडे गेल्या. नव्या जिल्ह्याची पहिली मोठी कसोटी जमिनीने घेतली. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतला मोठा ४ रिश्टरच्या वर होता. भिंतींना तडे गेले, काही दिवस मुले तंबूत आणि झाडाखाली बसली. त्यानंतर २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले आणि किनारपट्टीवरची छपरे उडाली. या दोन घटनांनी शाळेच्या इमारतीच्या तपासणीला घाईचे काम करून टाकले. त्याआधी ती फायलीत पडून राहणारी गोष्ट होती.

धोकादायक खोली पाडायची झाली तरी ती सहज पाडता येत नाही. मुख्याध्यापक निर्लेखनाचा प्रस्ताव करतात, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत तो वर जातो, बांधकाम विभागाचा अभियंता पाहणी करतो, जिल्हा परिषदेची मंजुरी येते, मग जुन्या सामानाचा लिलाव होतो. हे सगळे होईपर्यंत पोरांना त्या खोलीजवळ फिरकू द्यायचे नाही, ही जबाबदारी शिक्षकांची. सागाचे वासे आणि कौले लिलावात जातात आणि कुठल्या तरी रिसॉर्टच्या छपरावर दिसतात. ज्या इमारतीचे जोते आणि भिंती शाबूत आहेत, तिचे छपर नवे करून ती वापरात आणणे नव्या बांधकामापेक्षा स्वस्त पडू शकते. पण तशी मागणी गावाने करावी लागते. आपणहून तो पर्याय पुढे येत नाही. पाडण्याआधी दुरुस्तीचा अंदाज मागवावा, असा ठराव प्रत्येक ग्रामपंचायतीने करून ठेवावा असे माझे मत आहे.

दुसरा प्रश्न रिकाम्या खोल्यांचा. इंग्रजी माध्यमाकडे गेलेला ओढा, लहान झालेली कुटुंबे, कामासाठी बाहेर जाणारी माणसे, यांनी पट घटला. २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा असल्याची आकडेवारी समोर आली आणि त्या जवळच्या समूह शाळेत मिळवण्याचा विचार सरकारने मांडला. विरोध झाला तो योग्यच होता. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी. ओढा-खाडी ओलांडून जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला अंतर नकाशावर मोजून सांगता येत नाही. पण शाळा सुरू ठेवूनही दोन-तीन खोल्या रिकाम्या राहतात, हे खरे आहे. त्या कुलूपबंद ठेवल्या की दोन पावसाळ्यांत त्या मोडकळीला येतात. कुलूप हा इमारतीचा सर्वांत मोठा शत्रू आहे, हे मी आमच्या भागात डोळ्यांनी पाहिले आहे. रोज दार उघडले, केर निघाला, वारा खेळला तर छपराची गळती पहिल्याच पावसात लक्षात येते.

त्या खोल्यांचे काय करावे, याला आपल्या घरातलेच चांगले उत्तर आहे. अंगणवाडी. भाड्याच्या किंवा अपुऱ्या जागेत भरणारी अंगणवाडी शाळेच्या आवारात आली की पाळण्यापासून पाचवीपर्यंतची मुले एका ठिकाणी येतात. कोसबाडची विकासवाडी हेच करीत होती. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही पूर्वप्राथमिक वर्गांना प्राथमिक शाळेशी जोडायला सांगते. दुसरा उपयोग अभ्यासिकेचा. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना घरात जागा नसते. शाळा सुटल्यावर एक खोली त्यांना मिळाली तर दिवा-पंख्याचा खर्च सोडून काही लागत नाही. बचत गटांच्या बैठका, आरोग्य तपासणी, गावचे ग्रंथालय, डाय मेकिंगसारख्या, म्हणजे साचे घडवण्याच्या, आपल्याकडच्या घरगुती धंद्याचे प्रशिक्षण, हे सगळे बसू शकते. मूल आणि बाहेरचा माणूस यांची वेळ व वाट वेगळी ठेवली म्हणजे झाले. लग्नाची बोलणी आणि पक्षांच्या सभा यांना मात्र ती खोली देऊ नये. एकदा दिली की परत मिळत नाही.

बाहेरच्या जगात हे कसे करतात, ते पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये मुले घटल्याने हजारो शाळा बंद झाल्या. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने २०१० पासून बंद शाळांची यादी जाहीर करून त्यांना नवा वापरकर्ता शोधून देण्याचा उपक्रम चालवला. कोची प्रांतात समुद्रकाठी मुरोतो नावाचे शहर आहे. तिथल्या बंद शाळेत २०१८ साली मत्स्यालय उघडले, पोहण्याच्या तलावात मासे आणि कासवे सोडली. अमेरिकेत शाळांची दुरुस्ती किंवा नवा वापर करायचा तर स्कूल डिस्ट्रिक्ट रोखे काढते आणि त्यासाठी लोकांचे मत घेते, कारण ते फेडायला मालमत्ता कर वाढतो. कॅलिफोर्नियात २००० सालापासून अशा रोख्यांना ५५ टक्के मते पुरतात, पण बदल्यात खर्चावर लक्ष ठेवायला नागरिकांची समिती नेमावी लागते. कर देणाऱ्याला आधी विचारायचे आणि नंतर हिशेब दाखवायचा, ही दोन कामे त्यांनी एकमेकांना बांधून टाकली आहेत.

आपल्याकडे ही दोन्ही साधने कायद्यात आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा तिने करायचा असतो. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतली कमी असेल ती संख्या लागते. त्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते, आणि शाळेच्या स्वच्छतागृहाचा किंवा कुंपणाचा विषय बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा निघतो. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने पेसा कायद्याखाली इथल्या ग्रामसभांचे अधिकार जास्त आहेत. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के वाटा अशा ग्रामसभांच्या हाती थेट येतो आणि त्याचा विनियोग ग्रामसभा ठरवते. शाळेची दुरुस्ती त्यात बसते. वित्त आयोगाचा पैसा आहे, गावाचा विकास आराखडा आहे. तारापूरच्या मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे. या पैशाचे स्वागत करताना एक अट घालावी. देणगीदाराच्या नावाची पाटी लागेल, पण काय बांधायचे हे ग्रामसभेच्या ठरावात आधी लिहिलेले असेल. नाहीतर शाळेला छपर हवे असते आणि प्रवेशद्वाराची कमान मिळते.

चांगला ठराव कसा असतो, तेही लिहून ठेवतो, कारण जुन्या ठराववहीत 'शाळा दुरुस्त करावी, सर्वानुमते मंजूर' एवढेच लिहिलेले असते आणि तेवढ्याने काही होत नाही. कोणती खोली, तिची आजची स्थिती, अभियंत्याचा अंदाज, पैसा कोणत्या शीर्षातून, कामाची मुदत, देखरेखीला कोण, आणि पूर्ण झाल्यावर हिशेब कोणत्या ग्रामसभेत मांडायचा, एवढे त्यात आले पाहिजे. वापर बदलायचा असेल तर कोणत्या वेळेत, कोणासाठी, वीजबिल कोण भरणार आणि पट वाढल्यास खोली किती दिवसांत शाळेला परत द्यायची, हेही आले पाहिजे. शेवटची अट विसरू नये. शाळेचा पट पुन्हा वाढू शकतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाडा हा छोटा पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक संदीप गुंड यांनी गावाच्या वर्गणीवर शाळा डिजिटल केली आणि तिचे नाव राज्यभर झाले. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीने दत्तात्रय वारे गुरुजींच्या काळात गावाच्या जमिनीवर आणि वर्गणीवर अशी शाळा उभी केली की प्रवेशासाठी रांग लागली. दोन्हीकडे गाव आधी एकत्र बसले होते.

एक अडचण आमच्या किनारपट्टीवर सर्वत्र आहे. शाळेची जमीन कुणी दिली हे गावाला ठाऊक असते, पण सातबाऱ्यावर ते नसते. एखाद्या आजोबांनी शाळेसाठी पाच-दहा गुंठे तोंडी दिले, कागद झालाच नाही. कुठे बक्षीसपत्र झाले आणि फेरफार राहिला. आता जमिनीचे भाव वाढले, मुंबई जवळ आली, वारसांची नवी पिढी आली. जमिनीची नोंद नसेल तर निधी मंजूर होऊनही बांधकाम अडते. ही नोंद करून घेण्याचे काम जिल्हा परिषदेच्या कार्यालयात बसून होत नाही; जुनी माणसे हयात आहेत तोवरच ते होईल. म्हणून या लेखाच्या निमित्ताने गावाला विनंती आहे. ज्यांच्या घरी शाळेच्या जमिनीची दानपत्रे, लोकल बोर्डाच्या किंवा स्कूल बोर्डाच्या पावत्या, वर्गणीच्या याद्या, जुन्या इमारतीची छायाचित्रे, ठरावांच्या नकला असतील, त्यांनी त्यांच्या प्रती मुख्याध्यापकांकडे द्याव्यात. मूळ कागद आपल्याकडेच ठेवावा. ज्यांनी स्वतः शाकारणीला किंवा बांधकामाला हात लावला त्यांनी साल आणि सोबतच्या माणसांची नावे सांगावीत. शाळा व्यवस्थापन समितीने एक वही त्यासाठी वेगळी काढावी. तलाठी कार्यालयात फेरफारासाठी अर्ज करताना हे कागद लागतील, आणि पुढच्या ग्रामसभेच्या आत ते जमवता आले तर दुरुस्तीचा ठराव आणि जमिनीच्या नोंदीचा ठराव एकाच दिवशी मांडता येईल.